आधी पाणी पाहावे, मग नळ

नवे घर बांधताना किंवा जुने स्वयंपाकघर नव्याने करून घेताना ओट्याचा दगड, भिंतीच्या टाइल्स आणि कपाटांचा रंग यांवर घरात महिनोन्महिने चर्चा चालते. नळाची आठवण मात्र बहुधा अगदी शेवटी होते. प्लंबर दाराशी येऊन उभा राहतो, नळ आणले का म्हणून विचारतो, आणि घरातील कोणी तरी घाईने दुकानात जाऊन दिव्यांच्या झगमगाटात जो अधिक चकाकतो तो नळ घेऊन येतो. वास्तविक, स्वयंपाकघरातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूला दिवसभरात नळाइतक्या वेळा हात लागत नाही. तांदूळ धुण्यापासून रात्रीचे शेवटचे भांडे विसळण्यापर्यंत प्रत्येक काम त्याच्यापाशी येऊन थांबते. घरात किती पाणी वापरले जाईल आणि किती वाया जाईल, याचा निर्णयही पुष्कळसा तेथेच होतो.

आपण मंडळी व्यापारातली. कापडाचा तागा बोटांत चोळून पाहिल्याशिवाय किंवा धान्याचा नमुना तळहातावर घेतल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. शिवाय गिऱ्हाईक कोण आणि त्याची गरज काय, हे आधी जाणून घेतल्याशिवाय माल दाखवत नाही. नळाच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपण दुकानाच्या पायरीवरच ठेवून आत जातो. या लेखाचे सांगणे एवढेच आहे की, नळाची निवड दुकानात सुरू होत नाही, ती घरात सुरू होते. आपल्या घरचे पाणी, आपली भांडी आणि नळ हाताळणारे हात यांची नीट पाहणी झाली की दुकानातील निवड फार सोपी होते.

पाण्याचा जोर

पहिली पाहणी पाण्याच्या जोराची. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा जोर टाकी आणि नळ यांच्यातील उंचीवर ठरतो. दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार इतका दाब मिळतो. म्हणजे अगदी वरच्या मजल्यावर, जेथे टाकी नळाच्या जेमतेम ३ मीटर वर असते, तेथे दाब ०.३ बारच्या आसपास राहतो. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर तो कितीतरी अधिक असतो. २० मजल्यांच्या इमारतीत दाब कमी करणारा वॉल्व्ह बसवलेला नसेल, तर खालच्या मजल्यांवर तो ६ बारच्या घरात जाऊ शकतो. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन भावांना एकच नळ मानवेल असे म्हणूनच सांगता येत नाही. धाकट्याच्या घरी धो धो वाहणारा नळ थोरल्याच्या घरी बारीक धारेने रडत राहतो, आणि दोष मात्र नळाला दिला जातो.

दुकानात चालवून दाखवला जाणारा नळ अनेकदा पंपाच्या जोरावर वाहत असतो. त्यावर विसंबू नये. नळाच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात त्याला किमान किती बार दाब लागतो हे पुष्कळ कंपन्या छापतात. तो आकडा आवर्जून पाहावा. ओढून बाहेर काढता येणारा, लवचीक नळीचा नळ दिसायला मोहक असतो. परंतु त्याची आतील नळी बारीक असल्यामुळे त्याला चांगला दाब लागतो. टाकीच्या पाण्यावर चालणाऱ्या वरच्या मजल्यावरील घरात तो बहुधा निराशाच करतो.

आपल्या घरचा जोर पाहण्यास उपकरण लागत नाही. १० लिटरची बादली नळाखाली ठेवावी, नळ पूर्ण उघडावा आणि घड्याळ पाहावे. बादली १ मिनिटात भरली, तर प्रवाह मिनिटाला १० लिटर झाला. २ मिनिटे लागली, तर ५ लिटर. हा आकडा एका कागदावर टिपून घ्यावा. दुकानदाराशी बोलताना तो फार उपयोगी पडतो.

पाण्याचा स्वभाव

दुसरी पाहणी पाण्याच्या स्वभावाची. ज्या भांड्यात रोज पाणी तापते, त्याच्या आत पांढरा थर बसतो का, हे पाहावे. बसत असेल तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक आहेत. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत तो चालवून घेतला जातो. अनेक बोअरवेलचे पाणी या दोन आकड्यांच्या दरम्यान किंवा त्याही पलीकडे असते. नगरपालिकेच्या पाण्याबरोबर उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरवेल यांचा आधार घेणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जड पाण्याचा पहिला घाव नळाच्या तोंडावरील जाळीला बसतो. या जाळीच्या भागाला एरेटर म्हणतात. तो पाण्यात हवा मिसळतो, त्यामुळे धार मऊ आणि भरीव वाटते, शिंतोडे उडत नाहीत आणि पाणीही कमी खर्च होते. क्षार साचले की तीच धार वाकडीतिकडी फुटू लागते. तेव्हा एरेटर हाताने किंवा साध्या किल्लीने सहज निघणारा असावा. महिन्या-दोन महिन्यांनी तो काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ भिजवला आणि जुन्या ब्रशने घासला की पुन्हा नव्यासारखा होतो. ज्या नळाचा एरेटर उघडण्यासाठी कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, तो जड पाण्याच्या घरात आणूच नये. काळ्या किंवा गडद रंगाच्या नळांवर क्षारांचे पांढरे डाग ताबडतोब उठून दिसतात, हेही अशा घरांनी लक्षात घ्यावे.

दुसरा घाव आतल्या भागाला बसतो, आणि तो क्षारांपेक्षा वाळूच्या कणांमुळे अधिक. जुन्या पद्धतीच्या नळात स्पिंडल फिरवून रबरी वायसर खाली दाबला जातो. वायसर झिजला की नळ ठिबकतो. परंतु तो थोडक्या पैशांत बदलता येतो. आजच्या पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात आणि एका दांड्याच्या नळात चिनी मातीसारख्या कठीण सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात. पण बारीक वाळूचा कण मध्ये सापडला तर त्यांवर ओरखडा उठतो आणि मग संपूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते. यावर उपाय स्वस्त आहे. नवा नळ बसवण्यापूर्वी प्लंबरकडून उघड्या पाइपातून भरपूर पाणी सोडून घ्यावे, म्हणजे बांधकामाची वाळू आणि सिमेंट निघून जाते. तसेच सिंकखाली अँगल कॉक बसवून घ्यावा. पुढे नळ दुरुस्तीला आला तर साऱ्या घराचे पाणी बंद करावे लागत नाही.

भांडे, गाळणे आणि ओटा

तिसरी पाहणी भांड्यांची. घरातील सर्वांत उंच भांडे, मग ते कळशी असो, मोठा कुकर असो वा सणासुदीला निघणारे पातेले असो, सिंकमध्ये उभे ठेवून पाहावे. नळाचे तोंड त्याच्या काठापेक्षा चार बोटे तरी वर हवे. त्यासाठी हंसाच्या मानेसारखा वर जाऊन वळणारा, दोन्ही बाजूंना फिरणारा नळ सोयीचा असतो. मात्र सिंक उथळ आणि पाण्याला जोर अधिक असेल, तर उंच नळाचे पाणी तळावर आपटून अंगावर उडते. नळाची लांबीही मोजावी. धार सिंकच्या साधारण मध्यावर पडली पाहिजे. ती मागच्या कडेला पडत असेल तर भांडे विसळताना हात भिंतीला लागतात, पुढच्या कडेला पडत असेल तर पदर भिजतो.

नळ भिंतीतून घ्यावा की ओट्यातून, हाही विचार येथेच करावा. ओट्यात बसवलेल्या नळाच्या बुडाशी पाणी साचते, तेथे ओल राहते, चिकट थर धरतो आणि पाठोपाठ मुंग्या, झुरळे व बुरशी येतात. भिंतीतून आलेल्या नळाखालचा ओटा एका पुसण्यात कोरडा होतो. एकदा कीड झाली की ती घालवण्यासाठी औषध फवारण्याचा प्रसंग येतो. तो येऊच नये म्हणून ओटा कोरडा ठेवणे हाच यत्नाचार आहे, आणि नळाची जागा विचारपूर्वक ठरवली तर तो रोजच्या रोज सहज साधतो. सिंक आधीच बसलेले असेल आणि ओट्यातूनच नळ घेणे भाग असेल, तर बुडाशी घट्ट रबरी कडे असलेला आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडणारा नळ निवडावा.

आपल्या घरांत यापुढचा प्रश्न गाळण्याचा. अनेक घरी नळाच्या तोंडालाच कापडी पिशवी बांधलेली असते. पुष्कळशा नव्या नळांचे तोंड निमुळते व गुळगुळीत असते. त्यावर कापड टिकत नाही, पाण्याचा जोर वाढला की निसटते. ज्यांना नळालाच कापड बांधावयाचे आहे, त्यांनी तोंडाशी किंचित उठावाची कड असलेला साधा नळ घ्यावा आणि दुकानात जाताना कापड सोबत न्यावे. एरेटरला जाळी आहे, मग कापड कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. त्या जाळीची भोके डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी असतात. तिचे काम हवा मिसळण्याचे आणि खडे अडवण्याचे. दुहेरी घट्ट विणीच्या कापडाची जागा ती घेऊ शकत नाही.

मात्र नळाला बांधलेले कापड दिवसरात्र ओले राहते आणि त्यातच सूक्ष्म जीवांची वाढ होते, हे विसरून चालणार नाही. ज्या हेतूने कापड बांधले, त्याच हेतूला मग बाधा येते. भांड्याच्या तोंडावर दुहेरी कापड पसरून, हलक्या धारेने पाणी गाळावे, कापड गाळलेल्याच पाण्याने विसळून जिवाणीची काळजी घ्यावी आणि ते वाळत घालावे, ही जुनी रीत आरोग्याच्या दृष्टीनेही उत्तम आहे. नळ निवडताना हलकी धार स्थिर ठेवता येते का, हे पाहणे अशा घरांना म्हणूनच अधिक महत्त्वाचे. काही पाव फेऱ्याचे नळ किंचित उघडताच जोरात सुटतात. दुकानात नळ अगदी थोडा उघडून धार पाहावी.

धातूची पारख

आता बाजाराकडे वळू. चांगला नळ बहुधा पितळेचा असतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. गुजरातमधील जामनगर हे पितळी सुट्या भागांच्या उद्योगाचे नावाजलेले केंद्र आहे. पितळेवर निकेलचा आणि त्यावर क्रोमियमचा अतिशय पातळ मुलामा चढवलेला असतो. बाहेरची चकाकी या मुलाम्याची असल्यामुळे ती पाहून आतील धातू कळत नाही. जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूवर, इतकेच काय प्लास्टिकवरही, तसाच मुलामा देता येतो. त्यासाठी नळ उलटा करून आटे आणि आतील पोकळी पाहावी. तेथे पिवळा धातू दिसला पाहिजे. हातात घेतल्यावर नळ भरीव लागला पाहिजे. मूठ किंवा दांडा प्लास्टिकचा आहे का, हेही विचारून घ्यावे.

स्टेनलेस स्टीलचे नळही मिळतात आणि मुलामा नसल्याने त्यांचा रंग उडण्याचा प्रश्न येत नाही. त्यांत ३०४ या प्रतीचे पोलाद चांगले. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल ३०४ प्रतीचा, असे बाजारात सांगितले जाते. ही कसोटी अपुरी आहे, कारण २०० मालिकेतील हलक्या प्रतीचे पोलादही बहुधा चुंबकाला चिकटत नाही. प्रत बिलावर लिहून मागावी. लिहून देण्यास दुकानदार कचरला, तर उत्तर मिळालेच.

पितळी नळांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ८९३१ हे मानक आहे. खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक पाहावा. हमीपत्रात किती वर्षे लिहिली आहेत, यापेक्षा ती कशाकशाला लागू आहे हे वाचावे. कार्ट्रिजला एक मुदत आणि मुलाम्याला दुसरी असे पुष्कळदा असते. ते कार्ट्रिज आपल्या गावातील दुकानात सुटे मिळते का, हा प्रश्न सर्वांत मोलाचा. परदेशी बनावटीचा महाग नळ एका लहानशा भागासाठी महिनाभर बंद पडून राहतो, तेव्हा त्याची सारी ऐट उतरते.

आरोग्याची एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पितळ घडवण्यास सोपे जावे म्हणून त्यात अल्प प्रमाणात शिसे मिसळण्याची पद्धत आहे. रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यात त्याचा अंश उतरू शकतो. म्हणून सकाळचे पहिले पाणी पिण्यास वा स्वयंपाकास घेऊ नये. ते वायाही घालवू नये. एका तांब्या-बादलीत धरून झाडांना घालावे किंवा फरशी पुसण्यास वापरावे.

हात कोणाचा?

चौथी पाहणी सर्वांत महत्त्वाची आणि बहुतेक घरांत राहून जाणारी. पैसे देणारा एक असतो आणि नळ हाताळणारी दुसरीच असते. पीठ मळलेल्या हातांनी नळ उघडावा लागतो तिला मनगटाने सरकणारा लांब दांडा हवा असतो. गोल मूठ साबणाच्या हातातून घसरते. सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडली असतील, तर फिरवण्याची मूठ त्यांना रोजचा त्रास ठरते आणि नळ नीट बंद न होता ठिबकत राहतो. भांडी घासण्यास येणाऱ्या मावशींनाही विचारावे. त्यांचा अनुभव कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा खरा असतो. घरातील स्त्रियांना सोबत नेऊन, नळ त्यांच्या हाताने चालवून पाहूनच खरेदी करावी.

गरम पाण्याची सोय नसेल, तर केवळ शोभेसाठी मिक्सर घेऊ नये. थंड पाण्याचा साधा सिंक कॉक स्वस्त, टिकाऊ आणि दुरुस्तीस सोपा असतो. सोय असेल आणि एका दांड्याचा मिक्सर घेतला, तर दांडा एरवी थंड पाण्याच्या बाजूस ठेवण्याची सवय लावावी. तो मध्यावर राहिला की थंड पाण्यासाठी उघडलेल्या नळातूनही गरम पाण्याच्या पाइपातील पाणी ओढले जाते आणि तिकडे गीझर विनाकारण तापतो.

थेंबांचा हिशेब

शेवटी हिशेब. सेकंदाला एक थेंब ठिबकणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सोडतो. २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले, तरी हे ४ लिटरहून अधिक पाणी झाले आणि वर्षाचे दीड हजार लिटरहून अधिक. शहरांच्या पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरून केले जाते. म्हणजे एक ठिबकणारा नळ वर्षभरात एका माणसाचे ११ दिवसांचे पाणी नेतो. दुकानाच्या गल्ल्यातून रोज एक नाणे निसटत असते, तर आपण ते एक दिवसही चालू दिले नसते.

पाणी वाचवण्याच्या एरेटरविषयीही हिशेबानेच बोलावे. कळशी भरावयाची असेल तेव्हा एरेटरने थेंबभरही वाचत नाही. कळशीला लागेल तेवढे पाणी लागतेच, फक्त वेळ अधिक जातो. बचत होते ती वाहत्या पाण्याखाली भाजी धुताना, हात धुताना, भांडी विसळताना. म्हणून जेथे जागा आहे तेथे दोन नळ ठेवणे उत्तम: पिण्याचे पाणी भरण्यासाठी एरेटर नसलेला साधा नळ आणि सिंकवर एरेटरचा. दोन्ही साधे घेतले, तर एका भपकेदार मिक्सरहून अधिक खर्च बहुधा येत नाही.

आपल्या परंपरेने पाणी हेच जीव मानले, म्हणून ते मापून वापरण्याची सवय आपल्या आज्या-पणज्यांना होती. विहिरीतून शेंदलेल्या प्रत्येक घागरीचे वजन त्यांच्या हातांना ठाऊक होते. नळाने ते वजन नाहीसे केले. आता घागरीऐवजी नळाचा दांडा आपल्या हातात आहे आणि संयम त्यावरच ठेवावा लागतो. तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी कागदावर पाच गोष्टी टिपून घ्याव्यात: बादली भरण्यास लागलेला वेळ, भांड्यांवर पांढरा थर बसतो की नाही, सर्वांत उंच भांड्याची उंची, सिंकच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि गाळण्याची आपली पद्धत. हा कागद आणि नळ रोज वापरणारी व्यक्ती, दोघांनाही सोबत घेऊन दुकानात जावे. मग किंमत विचारण्यास हरकत नाही.